नैवेद्याच्या पातेल्यातला बंकर

एका गुरुवारी सकाळी मी बायकोच्या नैवेद्याच्या पातेल्यात अंडी शिजवली.

साल १९७४. पलटणीतून पेन्शनवर येऊन मी सोलापुरात एका गिरणीच्या गेटवर वॉचमन म्हणून लागलो होतो. पेठेत दोन खोल्या, मागे हातभर अंगण, भिंतीपलीकडे विणकरांचे माग. माग सुरू झाले की उठायचं, थांबले की जेवायचं. घरात स्टँडिंग ऑर्डर एकच होती आणि ती बायकोची होती. अंडं शिजवायचं ते मागच्या अंगणातल्या शेगडीवर, जर्मनच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या पातेल्यात. आतल्या भांड्याला हात लावायचा नाही. गुरुवारी तर अंड्याचं नावही काढायचं नाही. पलटणीत माझ्या चुका हवालदार लक्षात ठेवायचे. घरी हे खातं तिच्याकडे होतं, आणि तिची स्मरणशक्ती हवालदारापेक्षा चांगली होती.

त्या दिवशी तिनं पहाटे शिरा केला, डब्यात भरला आणि पहिल्या एस.टी.नं अक्कलकोटला गेली. माझी दुपारची पाळी होती. मी दाढी करत होतो. अर्धी झाली होती तेव्हा दार वाजलं.

दारात ज्ञानूची आई उभी होती. हातात फडक्यात बांधलेली भाकरी, पायात वहाण नाही, गळ्यात तुळशीची माळ. मोहोळजवळच्या खेड्यातून एकटी आली होती.

ज्ञानू म्हणजे लान्सनायक ज्ञानदेव शेळके. माझ्या सेक्शनचा एलएमजीवाला, म्हणजे हलकी मशीनगन चालवणारा. एकाहत्तरच्या डिसेंबरात तो गेला. पुढच्या उन्हाळ्यात त्याची ट्रंक घेऊन मीच तिच्या घरी गेलो होतो. तेव्हा तिनं एकच विचारलं होतं, "जाताना खाल्लं हुतं का रं त्यानं?" मी म्हणालो होतो, "पोटभर खाल्लं, आई. पिठलं-भाकरी." तिनं मान हलवली होती.

आता ती आत आली, भिंतीला टेकून बसली. पाणी दिलं तर तांब्या बाजूला ठेवला.

"आमच्या गावचा एक पोरगा सुट्टीवर आलाय. त्यो बी फौजंतच हाय," ती म्हणाली. "त्याला इचारलं. त्यो म्हनला, लडाईवर कुटली आलीय भाकरी? पीठ न्हाय, तवा न्हाय. तू खोटं बोल्लास."

मी साबण लागलेल्या तोंडानं उभा होतो.

"म्हंजी पोर उपाशी गेलं. व्हय का न्हाय, तेवढं सांग. आठ दिस झालं, सकाळची भाकर हातात घेतली की त्याचं त्वांड दिसतंय. घशाखाली उतरत न्हाय."

ज्ञानू उपाशी गेला नव्हता. पण काय खाऊन गेला ते सांगायचं नाही, असा मी त्याला शब्द दिला होता. त्याला दिलेला शब्द पाळायला गेलो आणि त्याच्या आईला उपाशी ठेवून बसलो. मी तोंड धुतलं. अर्धी दाढी तशीच राहिली.

"आई, त्यानं खाल्लं होतं. पण भाकरी नव्हती. बटाटे होते आणि अंडी."

ती माझ्याकडे बघत राहिली. "ह्ये दुसरं खोटं. माळकऱ्याचं पोर हाय त्ये. अंड्याला शिवंल व्हय?"

शब्दांनी काम भागणार नव्हतं. म्हणालो, "बसा. करून दाखवतो."

कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो. डझनभर अंडी मागितली तसा दुकानवाला चाचा माझ्या अर्ध्या दाढीकडे बघून म्हणाला, "क्या फौजी, घर कू पल्टन आरी क्या?" मी म्हणालो, "एकच बाई आली आहे." तो म्हणाला, "तो फिर भाबी कू मालूम है क्या?" मी अंडी घेऊन निघालो.

अंगणात शेगडी पेटवली, बटाटे उकडायला टाकले. आता त्या पातेल्याबद्दल सांगतो. या पदार्थाला जाड बुडाचं भांडं लागतं आणि वर निखारे ठेवता येतील असं घट्ट, सपाट झाकण. आमच्या जर्मनच्या पातेल्याचं झाकण मीच मागे खिळा ठोकायला वापरलं होतं. ते आता कशावरच बसत नव्हतं. आणि फळीवर, घासूनपुसून पालथं घातलेलं, ताज्या कल्हईचं पितळी पातेलं होतं. जाड बूड. सपाट झाकण. मी ते उचललं. शिरा त्यातच झाला होता हे मला माहीत होतं. पण त्या वेळी डोक्यात कालव्याचा बांध होता, आणि माझ्या डोक्यात एका वेळी एकच गोष्ट मावते.

त्या बांधाची गोष्ट अशी. आमचा सेक्शन कंपनीच्या पुढे, कालव्याच्या बांधावर होता. लंगर मागे. रोज तिथून गरम जेवण येणं शक्य नव्हतं, म्हणून कच्चं रेशन मिळायचं. बटाटे, कांदे, अंडी, तेल. मी सेटवर, म्हणजे वायरलेसवर. सेटवर आमच्या सेक्शनचं नाव थ्री. उजाडायच्या आधी स्टँड टू. सगळे मोर्चात, म्हणजे खंदकात, बोट ट्रिगरवर. उजाडलं, समोर हालचाल नाही, की स्टँड डाऊन. मग चहा आणि न्याहारी. न्याहारी ज्ञानू करायचा, कारण बाकीच्यांनी केलेली कुणी खात नसे. मी केलेली एकदा खाल्ली होती. त्यानंतर मेडिकलवाल्यानं करणाऱ्याचं नाव लिहून घेतलं होतं.

ज्ञानूची रीत ठरलेली. उकडलेल्या बटाट्याच्या बोटभर जाड चकत्या. डेगचीला तेल लावायचं, खाली चकत्यांची फरशी, कडेनं चकत्यांची भिंत. कांदा, हिरवी मिरची तेलात परतून, हळद-मीठ घालून अंड्यात फेटायची आणि मधोमध ओतायची. वर पुन्हा चकत्या, पुन्हा थोडं अंडं, आणि शेवटी चकत्यांचं छत, कुठे फट नाही असं. झाकणावर निखारे. थोड्या वेळानं डेगची ताटात उपडी केली की बाहेरून नुसता बटाटा दिसायचा. ज्ञानू त्याला बंकर म्हणायचा.

त्या सकाळीही स्टँड डाऊन झालं. मी हँडसेट बटाट्याच्या पोत्याला टेकवून चहा घ्यायला सरकलो. बोलताना दाबायचा स्विच पोत्याखाली दाबला गेला. स्विच दाबलेला असला की आपल्याला काहीच ऐकू येत नाही. आपलं मात्र सगळ्या कंपनीला ऐकू जातं.

मी ज्ञानूला विचारलं, "एवढी भिंत कशाला बांधतोस? अंडं फेटून वर ओत की."

"तसं न्हाय चालत. आमी माळकरी," ज्ञानू म्हणाला. "अंडं दिसलं न्हाय तर ते अंडं न्हाय. उद्या आईनं इचारलं तर छातीवर हात ठिवून सांगतो, मी बटाटा बघितला, बटाटा खाल्ला."

"आणि देवानं विचारलं तर?"

"देवाला छत असल्यालं दिसतंय. आत कशाला बघंल त्यो?"

हवालदार हसले. मी हँडसेट उचलला, स्विच सुटला आणि कानात कंपनीच्या मेजरसाहेबांचा आवाज आला.

"थ्री, तुम्हारा स्विच दबा हुआ था. पूरी कंपनी ने अंडा सुन लिया. दोबारा हुआ तो सेट तुम्हारे गले में बाँध दूँगा. आउट."

मी सगळ्यांना सांगितलं. ज्ञानूचा चेहरा उतरला. "आता गावाकडं हे जानार," तो म्हणाला. "कंपनीत मोहोळचे तिघं हाईत. आईला कळलं तर ती बोलनार न्हाय, नुसती बघंल. त्ये लई वाईट. तू शब्द दे, तुज्या तोंडनं ह्ये कवा जानार न्हाय." मी शब्द दिला. मग आम्ही खाल्लं. ज्ञानूनं दोनदा घेतलं. डेगचीला लागलेली खरपुडीही त्यानंच खरवडली.

आठ वाजून गेले होते तेव्हा शेलिंग सुरू झालं. पहिले गोळे मागे पडले, नंतरचे बांधावर. एलएमजीच्या मॅगझिन संपत आल्या. हवालदारांनी ओरडून सांगितलं, "ज्ञानू, बॉक्स!" अॅम्युनिशनची पेटी पलीकडच्या मोर्चात होती. ज्ञानू गेला, पेटी घेऊन परतला. पेटी मोर्चात पोचली.

मी सेटवर कळवलं. "थ्री रिपोर्टिंग. कॅज्युअल्टी वन. ओव्हर."

"चल सकता है, या स्ट्रेचर भेजूँ? ओव्हर."

मी स्विच दाबला. मग म्हणालो, "दोनों नहीं, साहब. ओव्हर."



हे सगळं मी आईला चकत्या कापता कापता सांगितलं. ती मागच्या दारात, पदर नाकाला लावून बसली होती. अंड्याचा वास तिला सोसत नव्हता, पण ती उठली नाही. मी फरशी घातली, भिंत उभी केली, आत अंडं ओतलं, छत घातलं. झाकणावर निखारे ठेवताना हात पोळला. ती म्हणाली, "चिमटा न्हाय का घरात?" चिमटा माझ्या पायाशीच पडला होता.

पातेलं परातीत उपडं केलं. तांबूस, गोल, नुसता बटाटा. तिनं पदर बाजूला केला आणि वाकून सगळ्या बाजूंनी बघितलं.

"अंडं कुटंय?"

मी सुरी घातली. आत पिवळा थर.

ती बराच वेळ त्या थराकडे बघत राहिली. तिला राग येणार, रडू येणार, काय येणार ते मला कळेना. तिला हसू आलं. आधी खांदे हलले, मग आवाज फुटला.

"एकादशीला मी भगर करायची," ती म्हणाली. "ह्यो ताटलीत खाली भाकर ठिवायचा आन वर भगर थापायचा. वरनं उपास, खालनं भाकर. मला वाटायचं, भुकेलं पोर हाय, खाऊ दे. मी कवा बोल्ले न्हाय त्याला. बघून न बघितल्यागत करायची." पदरानं डोळे पुसले. "व्हय. ह्ये त्याचंच हाय. ह्ये तुला सुचायचं न्हाय."

मग तिनं परात माझ्याकडे सरकवली. "खा."

"आई, मला एवढं..."

"खा म्हनते न्हवं. त्यानं खाल्लं तेवढं खा. मला बघू दे."

मी खायला बसलो. माझ्या हातचं होतं, मीठ जास्त झालं होतं. तरी ज्ञानूनं घेतलं तसं दोनदा घेतलं, पातेल्याची खरपुडीही खरवडली. ती प्रत्येक घासाला बघत होती. मी पाणी प्यायलो तेव्हा तिनं विचारलं, "भरलं?"

"भरलं, आई. आता संध्याकाळपर्यंत काही नको."

"मग त्याचंबी भरलं आसंल."

तिनं फडकं सोडलं. आत ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाची चटणी होती. माझ्यापासून जरा लांब सरकून, अंगणात उन्हाला बसून तिनं ती भाकरी खाल्ली. सगळी. भाकरी मोडल्याचा आवाज मला मागांच्या खडखडाटातही ऐकू येत होता. मी आयुष्यात बऱ्याच मोठ्या लोकांच्या पंगतीला बसलो आहे. पण त्या पंगतीत मला जागा मिळाली, याचे आभार अजून कुणाचे मानावेत ते कळत नाही. ज्ञानूचे मानतो.

बायको दुपारी परतली, मी ड्यूटीला निघायच्या बेतात असताना. हातात प्रसादाचा डबा. तिनं आधी ज्ञानूच्या आईला नमस्कार केला, मग वास घेतला, मग अंगणात बघितलं. पातेलं शेगडीशेजारीच पडलं होतं, बाहेरून काळं, आतून पिवळं.

"अहो," ती म्हणाली. एवढंच म्हणाली. मी सावधान झालो.

सगळं ज्ञानूच्या आईनं सांगितलं. बायको ऐकत खाली बसली. प्रसाद तिनं आधी त्या माउलीच्या हातावर ठेवला. मला दिला नाही. ते पातेलं पुन्हा देवापुढे गेलं नाही. नैवेद्याला तिनं नवं घेतलं आणि जुनं अंगणातल्या कोनाड्यात ठेवलं. दर डिसेंबरात एका सकाळी ती स्वतः ते काढून मला देते. गुरुवार नाही ना, एवढं आधी बघून. मी बंकर करतो. पहिला तुकडा एका ताटलीत वेगळा ठेवतो. त्यातलं अंडं बाहेरून दिसणार नाही, याची काळजी घेतो.

त्या दिवशी ड्यूटीवर जाता जाता मी ज्ञानूच्या आईला एस.टी. स्टँडवर सोडायला गेलो. ती खिडकीशी बसली. मी खाली उभा राहून म्हणालो, "आई, त्याला दिलेला शब्द मी मोडला. माफ करा."

"त्याचं काय न्हाय," ती म्हणाली. मग माझ्या अर्ध्या दाढीकडे वरून खाली बघितलं. बस हलली तशी खिडकीतून वाकून, सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असं म्हणाली, "माझ्या पोरानं मी समोर बसल्याली असताना वर्सानुवर्सं लपीवलं. तुला बायको अक्कलकोटास्नं येस्तवर एक पातेलं लपीवता आलं न्हाय. तुला फौजंत घेतलं तरी कुणी रं?"