जवाब देणाऱ्याची जागा

मामाजी गेल्याची बातमी मला लाखांदूरच्या एसटी स्टँडवर कळली. हातात पत्रकांचा गठ्ठा होता, समोर दिघोरीची गाडी लागत होती, आणि मामेभाऊ फोनवर एवढंच म्हणाला, "बाबा गेले. तू ये." त्याच गाडीत चढले. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं की लोप पावत चाललेल्या कलेचा अखेरचा शिलेदार हरपला. तेरवीपर्यंत मी गप्प राहिले. आता राहणार नाही. मामाजी अखेरचे नव्हते, हे पहिलं. आणि कला आपोआप लोप पावत नसते. तिला कोणीतरी लोपवतं, आणि मग तेच लोक शाल-नारळ घेऊन श्रद्धांजलीला पुढच्या खुर्चीत बसतात.

मामाजी, म्हणजे डोमाजी, माझ्या आईचे थोरले भाऊ. धानाच्या चार बांध्या, म्हणजे भाताची चार खाचरं होती, आणि दिवाळीनंतर मंडया सुरू झाल्या की खडी गंमत. नागपूरच्या पुढे ज्यांनी पाऊल टाकलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. मंडई म्हणजे आमच्याकडे गावोगाव भरणारी दिवसाउजेडीची जत्रा, आणि खडी गंमत म्हणजे तिथे उघड्या जागेत उभ्या-उभ्या चालणारा खेळ. एक शाहीर, डफ, ढोलकी, लुगडं नेसलेला नाच्या, आणि मामाजींसारखा सोंगाड्या. नाटकाची वही नाही, तालीम नाही. समोर कोण बसलं आहे ते पाहून बोलायचं. मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या, तोंडावर बोलायची हिंमत जुन्या काळी सोंगाड्यालाच होती, असं मामाजी सांगत. सकाळी बोलावणं आलंच तर तो हात जोडून विचारू शके, मालक, मी काय म्हटलं ते कुठं लिहून आहे का? ज्याला आपले विद्वान 'अशिक्षित लोकांची उत्स्फूर्तता' म्हणतात, ती ही अशी होती. लिहिता येत नव्हतं म्हणून लिहिलं नाही, असं समजू नका. अंगावर येऊ नये म्हणून लिहिलं नाही.

खेळाच्या दिवशी मामाजी सकाळीच त्या गावात पोचत. पानठेल्यावर बसत, कोणाच्याही ओसरीवर चहा घेत, कोणाचं कोणाशी वाजलं ते ऐकून घेत. पण त्यांचा एक कायदा होता, आणि तो मोडताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. जो समोर हजर नाही त्याची गंमत करायची नाही. ज्याची केली त्याला जवाब द्यायला जागा ठेवायची, आणि जवाब आला की आपण थांबायचं.

या कायद्यावरून आमचं वाजलं. आमचं गाव गोसीखुर्दच्या धरणात गेलं. पुनर्वसनाच्या नव्या गावठाणात नळ आले, नळाला पाणी आलं नाही. मी पत्रकं काढत होते, मोर्चे नेत होते. त्या वर्षीच्या मंडईत मामाजींची गंमत ठरली तेव्हा मी आमच्या मागण्यांचं पत्रक त्यांच्या हातात दिलं आणि म्हटलं, हे सगळं तुमच्या खेळात घाला. त्यांनी ते नीट वाचलं.

"माय, हे सारं खरं हाय. पण याच्यात समोरच्यानं बोलाची जागाच नाई."

"चूक त्याची आहे मामाजी. त्याले जागा कायले पाहिजे?"

"मंग तू भाषण दे. गंमत काहून मांगतेस?"

वर मंडईच्या समितीने पाहुणे म्हणून पाणीवाल्या साहेबांनाच बोलावलं होतं. अध्यक्ष सकाळी मामाजींना बाजूला घेऊन म्हणाले, आज पाण्याचं नाव काढायचं नाही. मामाजी हो म्हणाले. मी त्यांच्याशी बोलणं बंद केलं.

दुपारी मामाजी नव्या जावयाचं सोंग घेऊन आले. सासू झाला होता त्यांचा जुना जोडीदार गणपत, म्हणजे पार्टीतला नाच्या. जावयाने कोरडा चिवडा खाल्ला आणि त्याला उचकी लागली. सासूने विचारलं, जावईबापू, का पायजे? जावई म्हणाला, त्याचं नाव घ्यायची बंदी आहे. तो नळाजवळ गेला, नळाला कान लावला, नळाच्या पाया पडला. उचकी काही थांबेना. कोपऱ्यातली पोरं ओरडली, पाणी. मग बाया ओरडल्या. मग सारं मैदान. मामाजींनी दोन्ही कानांत बोटं घातली आणि अध्यक्षांकडे वळून म्हणाले, "मालक, मी नाई बोललो. तुमचंच गाव बोलून राह्यलं."

मग रिकामा लोटा घेऊन ते थेट साहेबांसमोर गेले. "साहेब, तुमीच सांगा, मले का पायजे?"

साहेब उभे राहिले. त्यांनी अध्यक्षांकडे पाहिलं. ढोलकी थांबली. मामाजी लोटा धरून उभे. मला वाटलं, धरला, आता सोडू नका. आणि मामाजींनी सोडला. डोक्यावर हात मारून म्हणाले, जावयानं सासुरवाडीले येतानी घरूनच पिऊन यावं, चुकलं आपलं. लोक हसले, साहेबही हसत खाली बसले.

मी संध्याकाळी त्यांना वाट्टेल ते बोलले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "धरून ठेवला असता, तर घरी जाऊन सांगल का लोकायनं बेइज्जती केली. सोडला, तर सांगल का त्यायच्या घरी पाणी नाई." मला ते तेव्हा पटलं नाही, आजही पूर्ण पटलेलं नाही. टँकर सुरू झाला, हे खरं. उन्हाळ्याआधी तो बंद झाला, हेही खरं.

आता यंदाचं ऐका. मामाजी दिवाळीच्या आधी गेले. त्याच समितीने त्यांच्या नावाने कार्यक्रम ठरवला. स्टेज, माइक, मोठा फोटो. अट एकच. संहिता आधी द्या, पाहून मंजूर करू. मामाजींचे गाजलेले विनोद गणपतने पाठ करून सादर करावेत. गणपतकाका माझ्याकडे आले आणि म्हणाले, तुले लिहाची सवय हाय, तूच लिहून दे, नाई तर मंडईतून गंमतच जाईल. मी नाही म्हटलं. त्यांना वाटलं, पोरगी अडून बसली. अडूनच बसले होते. मेलेल्या माणसाची वाक्यं मंजूर करून घेतली की त्यांना जवाब कोण देणार?

स्टेज ऑर्केस्ट्राला गेलं. आम्ही बाजूच्या रिकाम्या खळ्यात गंमत उभी केली. माइक नाही, फोटो नाही. गणपतकाका लुगडं नेसून मधोमध आले, आणि समोर, मामाजींच्या जागी, कोणी नव्हतं. डफ वाजत राहिला. त्यांना शब्द सुचेना. पलीकडच्या ऑर्केस्ट्राचा आवाज आमच्यावर चढत होता, आणि मागची माणसं एकेक करून तिकडे सरकायला लागली.

बायांमध्ये मामी बसली होती. आजवर प्रत्येक गमतीत पहिला टोमणा तिचाच यायचा. लोकांना वाटे, सोंगाड्याची बायको मोठी तोंडाळ आहे. पण तिचा पहिला शब्द पडल्याशिवाय मामाजींचं तोंड उघडत नसे, हे पार्टीतल्या सगळ्यांना माहीत होतं.

"गणपत," मामी बसल्या जागेवरून म्हणाली, "लुगडं नेसाले दुपार केली. आता बोलाले का मुहूर्त पायतेस?"

कोणी हसलं नाही. तिला विधवा होऊन महिनाही झाला नव्हता... गणपतकाकांनी तिच्याकडे पाहिलं. मग कमरेवर हात ठेवला.

"वैनी, भांडाले घरी कोणी उरलं नाई म्हणून माह्यावर आल्या का? मंग बसून कायले? उभ्या राहा."

मी पाहिलेल्या कोणत्याच गमतीत बाई उभी राहिलेली नाही. बाईचं कामही पुरुषच करतो. मामी उठली, पदर खोचला, आणि गणपतकाकांच्या समोर, मामाजी उभे राहत त्या अंतरावर जाऊन उभी राहिली. ऑर्केस्ट्राकडे निघालेली माणसं थांबली.

मग ती काय बोलली, ते मी इथे लिहिणार नाही. ते कोणाच्या मंजुरीसाठी नव्हतं. एवढंच सांगते, की जवाबाला गणपतकाकांना बराच वेळ लागला, आणि तोवर मामी त्यांच्यासाठी थांबून राहिली.