फळ्याची पाचवी ओळ

आमच्या गावातल्या वाचनालयाच्या भिंतीवर एक काळा फळा आहे. शाळेतून निवृत्त झाले, आणि त्यावर रोज सकाळी बातम्या लिहायचं काम मी अंगावर घेतलं. कुणी सांगितलं नव्हतं. चाळीस वर्षं ज्या हाताला खडूची सवय, तो हात घरी गप्प बसेना, एवढंच कारण.

फळ्यावर पाच ओळी असतात. पहिली जगाची, दुसरी देशाची, तिसरी राज्याची, चौथी जिल्ह्याची आणि पाचवी गावाची. ही पद्धत माझ्या आधीपासूनची. लोक मात्र फळा खालून वर वाचतात. कोण गेलं, पाटाला पाणी कधी सुटणार, डोळ्यांची तपासणी कुठं आहे, हे आधी. पहिल्या ओळीपर्यंत पोचेपर्यंत निम्म्या लोकांची राहुरीची एसटी येते. एका युद्धाची बातमी मी महिनोन्‌महिने पहिल्या ओळीत लिहीत होते. तेव्हा समोरचा चहावाला म्हणाला होता, "बाई, ही वळ रोज कशाला पुसता? रोज तेच तर हाय." तो माझाच विद्यार्थी. तिसरीत असतानाही असाच नेमका बोलायचा आणि मार खायचा.

मी बातम्या नुसत्या लिहीत नाही, लिहिताना बडबडतेही. कोणता पुढारी आज कोणत्या पक्षात आहे हे लिहिताना खडू झिजतो, पण त्यांना काही वाटत नाही. टीव्हीवर चार माणसं एकाच वेळी ओरडतात त्याला चर्चा म्हणतात. माझ्या वर्गात त्याला दंगा म्हणत असत. पण माझा सगळ्यात जुना राग वेगळाच. कुणावर आरोप झाला की तो पहिल्या पानावर, फोटोसकट. तो खोटा निघाला की खुलासा आतल्या पानावर, राशिभविष्याच्या खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत. हे मी वर्गात सांगितलं, घरी सांगितलं, वाचनालयाच्या सभेत सांगितलं. ज्या ओळीत चूक, त्याच ओळीत दुरुस्ती, तेवढ्याच अक्षरांत. ऐकून ऐकून आमचे हे म्हणायचे, "तुझ्यावर वेळ आली की बघू."

वेळ आली.

माझा नियम होता की दोन ठिकाणांहून कळल्याशिवाय काही फळ्यावर लिहायचं नाही. ऊसतोडीचे दिवस होते, थंडी पडू लागली होती. त्या सकाळी मोबाईलवर एक निरोप आला की शेजारच्या तालुक्यात चादरी विकायच्या निमित्तानं फिरणाऱ्यांनी मुलं पळवली, सावध राहा. पाठवणारी माझी जुनी सहकारी. दहा मिनिटांनी तोच निरोप आमच्या माजी मुख्याध्यापकांकडून. मग तिसरा, माझ्या नणंदेकडून. मी हिशेब केला की नियमाला दोन लागतात, इथं तर तीन झाले. तिघंही शिक्षक, तिघंही खोटं न बोलणारे. ते तिघं एकाच विहिरीतलं पाणी मला देत होते, हे मला सुचलं नाही. पाचव्या ओळीत मी ठसठशीत लिहिलं, "चादरी विकणाऱ्या फेरीवाल्यांपासून सावध राहा. मुले पळवण्याचे प्रकार." त्यावर घरी येऊन शांतपणे चहा प्याले.

आमच्याकडं दर थंडीत एक चादरवाला येतो. मूळचा परराज्यातला, पण राहुरीत खोली घेऊन बायकोसह राहतो, त्याला वीसएक वर्षं झाली असतील. पाठीवर हे एवढं गाठोडं आणि गल्लीच्या तोंडालाच त्याची हाक सुरू व्हायची, "चादर, रग, सोलापुरी चादर!" शेवटचा शब्द तो असा लांबवायचा की शाळेत पोरं त्याची नक्कल करायची. माझ्या घरातला प्रत्येक रग त्याच्या पाठीवरून आलेला आहे. खरं सांगते, ती ओळ लिहिताना तो माझ्या मनातसुद्धा आला नाही. तो फेरीवाला नव्हता, आपला चादरवाला होता.

दुपारी तो पाटापलीकडच्या वस्तीवर गेला. तिथल्या माणसांनी त्याला अडवलं. कुणीतरी म्हणालं, फळ्यावर आलंय. मग नाव विचारलं. त्यानं नाव सांगितलं आणि आवाज वाढले. फोन गेले, गावातून मोटरसायकली आल्या. त्याचं गाठोडं पाटाच्या चिखलात उसवलं, चष्मा फुटला, कानावर बसली. पोलिसांनी येऊन सोडवलं, कागद पाहिले, शेजारच्या तालुक्यात चौकशी केली. तिथं असा कोणताही प्रकार घडलेला नव्हता. संध्याकाळी त्याला टेम्पोत बसवून राहुरीला पाठवून दिलं.

मला हे चहावाल्याकडून कळलं. तो स्वतः मोटरसायकलवर तिकडं गेला होता, आणि कानावर बसलेला एक हात त्याचाही होता.

"अरे, दर वर्षी तुझ्याकडं चहा पितो ना तो?" मी विचारलं.

"पितो ना बाई."

"मग ओळखलं नाहीस?"

तो ग्लास विसळत राहिला. मग म्हणाला, "वळखलं हुतं. पन फळ्यावर आलंय म्हनल्यावर वाटलं, आपुन तरी कोनाला वळखतो, काय ठावं."

हे ऐकून मला लाज वाटली. दुसरा शब्द शोधण्यात अर्थ नाही. लोकांनी मारलं हे खरं, पण मारायला लागणारा विश्वास मी पुरवला होता, तोही सुवाच्य अक्षरांत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फळ्यापाशी पोचले तर वाचनालयाचे अध्यक्ष आधीच उभे होते. चांगला माणूस, भांडणाला भिणारा. म्हणाले, "बाई, पुसून टाका, इषय संपला. आता उकरून काढलं तर गावाचं नाव जाईल. त्यात निवडनूक तोंडावर हाय."

"दुरुस्ती लिहिणार आहे मी."

"लिहायचीच आसंल तर वरच्या वळीत लिहा, बारीक. जगाच्या बातम्यांत."

वरची ओळ कोणी वाचत नाही हे त्यांनाही ठाऊक होतं. राशिभविष्याच्या खालची जागाच ते मला देत होते. मी पाचवी ओळ स्वच्छ पुसली आणि कालच्याच मापाच्या अक्षरांत लिहिलं, "कालची मुले पळवण्याची बातमी खोटी होती. ती मी खात्री न करता लिहिली. त्यामुळे एका निरपराध फेरीवाल्याला मार बसला." खाली माझं पूर्ण नाव. गावाच्या बातमीला चौथ्या ओळीत अर्धी जागा काढून दिली. जिल्ह्यानं थोडं सरकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाचवी ओळ पुसलेली. बाकी चार जशाच्या तशा. मी पुन्हा लिहिली. तिसऱ्या दिवशी पुन्हा पुसलेली. असं आठवडाभर चाललं. चौथ्या की पाचव्या दिवशी घरी आमचे हे म्हणाले, "अगं, लोकांनी वाचलं एकदा, पुरे झालं." मी म्हटलं, पुसणाऱ्याला पुरे झालेलं नाही, मग मला कसं होईल? त्यांनी गुपचूप खडूची नवी पेटी आणून टेबलावर ठेवली.

पुसणारा कोण हे मला माहीत होतं. फळ्यासमोर दिवसभर असतं कोण? एका सकाळी मी सरळ त्याच्या टपरीवर जाऊन बसले.

"तू पुसतोस का रे?"

"व्हय बाई," तो म्हणाला. खोटं बोलायचं त्याला तिसरीतही जमलं नव्हतं. "येनारा-जानारा वाचतो अन्‌ मग माझ्याकडं बघतो."

"तुझं नाव लिहिलेलं नाही मी. माझंच लिहिलंय."

"त्याचाच तर तरास व्हतोय."

त्यानंतर पुसणं थांबलं. पण मला समाधान नव्हतं. ज्याच्यासाठी हे सगळं लिहायचं, तो तर हे वाचायला नव्हताच. मी एसटी पकडली आणि राहुरीला गेले. बाजारामागे त्याची खोली शोधायला वेळ लागला नाही. चादरवाला म्हटल्यावर दोघांनी बोट दाखवलं. दारात त्याची बायको होती. ती कधीमधी त्याच्याबरोबर गावात यायची; तिनं मला ओळखलं, आत घेतलं, पाणी दिलं. तो खाटेवर बसून धुतलेल्या चादरी घडी करत होता. चिखलाचे डाग पूर्ण गेले नव्हते. एका बाजूनं बोललं तर त्याला नीट ऐकू येत नव्हतं.

मी माफी मागितली. फळ्यावर काय लिहिलं आहे तेही शब्दाला शब्द सांगितलं, थोड्या अभिमानानंच, आता कबूल करते. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"बाई, उसमें मेरा नाम आहे काय?"

"नाही," मी म्हटलं. "तुमची उगाच बदनामी नको म्हणून..."

"बदनामी तो झाली ना." तो घडी घालत होता, माझ्याकडं बघत नव्हता. "मारायच्या टायमाला नाव विचारला सगळ्यांनी. मग माफीच्या टायमाला कोन बी फेरीवाला?"

बदनामीचं मी सांगितलं ते अर्धंच खरं होतं. त्याचं नाव फळ्यावर लिहिलं तर गावात कोण काय म्हणेल, ही भीती उरलेल्या अर्ध्यात होती. ज्या नावानं त्या दिवशी आवाज वाढले, ते नाव मीही टाळलं होतं. चाळीस वर्षं पोरांना धीट व्हा म्हणून शिकवणारी बाई मी, आणि एका नावापाशी माझा खडू अडला होता. परतीच्या एसटीत मला खिडकीची जागा मिळाली होती, पण बाहेर काय होतं ते सांगता यायचं नाही. मी सगळा वेळ स्वतःशी भांडत होते.

सकाळी मी अध्यक्षांना विचारायला गेले नाही, कारण विचारलं असतं तर ते नको म्हणाले असते. पाचव्या ओळीत "एका निरपराध फेरीवाल्याला" पुसून तिथं त्याचं पूर्ण नाव लिहिलं, निघताना विचारून घेतलेल्या त्याच्या वडिलांच्या नावासकट. इथं ते लिहीत नाही, कारण छापण्यासाठी मी त्याला विचारलेलं नाही. फळ्यासाठी त्यानं स्वतः मागितलं होतं.

गर्दी जमली. एकजण म्हणाला, "बाई, आता हे लई झालं." दुसऱ्यानं विचारलं, गावातल्या माणसाची बातमी कधी इतके दिवस राहिली का फळ्यावर? मी म्हटलं, गावातल्या माणसाला फळ्यानं कधी मारलं नाही. कुणी शिवी दिली, ती मी ऐकली. पण हात कुणी लावला नाही. दुपारी ऊन उतरल्यावर चहावाला बाहेर आला, ओळीपुढं उभा राहिला, ओठ हलवत नाव वाचलं आणि परत जाऊन भांडं विसळू लागला.

थंडी उतरणीला लागली तेव्हा चादरवाला आला. गाठोडं नेहमीच्या निम्मंच होतं. त्याला मराठी वाचता येत नाही. मला घरून बोलावून घेतलं आणि म्हणाला, कुठं आहे दाखवा. मी नावाखाली बोट धरलं. त्यानं ते नीट बघून घेतलं. मग गाठोडं उचलून वरच्या आळीकडं गेला.

मी कान देऊन उभी राहिले. हाक आली नाही. मागोमाग चार पावलं गेले तेव्हा दिसलं की तो प्रत्येक दाराची कडी हलकेच वाजवतो आणि दार उघडलं की दोन पावलं मागं सरून उभा राहतो.

संध्याकाळी अध्यक्ष म्हणाले, "आला ना तो, बाई? आता पुसायचं का?"

"तो गल्लीच्या तोंडाला हाक देईल ना," मी म्हटलं, "त्या दिवशी पुसेन."

आज सकाळीही मी ती ओळ नव्यानं गिरवली.