सोपानकाका जिवंत होते

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. तुम्हाला का सांगतोय — ते माझं मलाही नीट कळत नाही.

भूकंपानंतरचे दिवस. मदतीला परदेशी माणसं येत होती आणि मी, लातुरातला इंग्रजीचा मास्तर, दुभाष्या म्हणून त्यांच्यासोबत पडलेल्या गावांत फिरायचो. त्यांत बिल नावाचा एक अमेरिकन होता. सत्तरी ओलांडलेला. दिवसभर पत्र्याचे निवारे ठोकायचा आणि संध्याकाळी आसामबद्दल बोलायचा.

महायुद्धात तो तिथं मालवाहू विमानावर होता. डोंगरापलीकडे चीनला सामान पोचवायचं, परत यायचं — परत आलं तर. बांबूच्या झोपड्या, गुडघाभर चिखल, रोज डब्यातलं मांस. एकच माणूस त्यांना घरच्यासारखं जेवू घालायचा. मेसमधला स्वयंपाकी, सोपान. विमानाला कितीही उशीर होवो, चपात्या फडक्यात गुंडाळून हा जागा. सोपानचं गाव रेणापूर. लातूरचं नाव बातम्यांत ऐकलं आणि बिल निघालाच.

"शोधशील त्याला?" त्यानं मला विचारलं.

रेणापूर! तासाभराचाही रस्ता नाही. पण तेव्हा लातुरात क्लासचं वारं सुटलं होतं, माझी पहिली बॅच सुरू होत होती. मला मागं पडायचं नव्हतं. उद्या जाऊ, परवा जाऊ — आणि बिलचा निघायचा दिवस आला. मग मी काय केलं? म्हणालो, "चौकशी केली. वारला तो."

बिलनं टोपी काढली. मग माझा हात हातात घेऊन आभार मानले. माझे!

पुढच्या वर्षी रेणापूरची एक मुलगी क्लासला आली, सुनीता. सोबत पांढऱ्या धोतरातले आजोबा.

"सर, हिला इंग्रजी लई चांगलं शिकवा. मला बी येतंय थोडं. आसामात गोऱ्यांच्या मेसला होतो."

मी प्रवेशाचा फॉर्म पुढं ओढला.

"भूकंपाच्या टायमाला गोरे आल्ते म्हणं. आमचा बिल न्हवता का त्यात? गावात आमच्या हातचं पाणी कुणी घेत न्हवतं सर, अन् त्यो माझ्याच ताटात जेवायचा."

बिलचा पत्ता माझ्याकडं होता. एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, "नाही काका. असं कुणी आलं नव्हतं."

"हाव. आला असता तर हुडकलंच असतं त्यानं मला," ते म्हणाले आणि नातीचं दप्तर नीट करू लागले.

का बोललो तसं? पहिलं खोटं उघडं पडेल म्हणून. मास्तराची अब्रू — एवढंच. त्यानंतरही ते नातीला भेटायला यायचे. माझ्यासाठी भुईमुगाच्या ओल्या शेंगा आणायचे. दर वेळी वाटायचं, आज सांगू. मी शेंगा घेतल्या, सांगितलं नाही. ते गेले तेव्हा मातीला गेलो. लोकांनी मला मानानं पुढं बसवलं — बसलो.

सुनीता आता डॉक्टर आहे. भेटली की पाया पडते.

मी पडू देतो.