एकात एक दोन रेघा

"हाललं तं हाललं, बाई. दुसरा काढू." आमच्या तालुक्याच्या दवाखान्यात एक्स-रे काढणारे भाऊ हललेल्या प्रत्येक पेशंटला असं म्हणायचे. तुम्ही कधी छातीचा फोटो काढला असेल, तर बहुतेक ओरडाच ऐकला असेल. हे कधी ओरडत नसत. एका आजोबांना म्हणाले होते, "हसू नका बुवा, दात येत नाई ह्याच्यात."

मी बारावीत होते. रोवण्याला, म्हणजे धानाच्या लावणीला, वाकलं की दम लागायचा. बाबा म्हणायचे, अशक्तपणा आहे.

भाऊंनी माझा फोटो खिडकीच्या उजेडात धरला. मग बाबांना जवळ बोलावलं.

"मी डॉक्टर नाई, दादा. पण हे पाहा. हृदयाच्या उजव्या कडेले एकात एक दोन रेघा आहेत. झडप आखडली की रक्त मागं साचते, डावा वरचा कप्पा फुगते. ही आतली रेघ त्याची. डॉक्टरले दाखवा अन् पोरीले नागपूरले न्या."

"रोवणा होऊ द्या, मंग पाहू," बाबा म्हणाले.

भाऊ स्टुलावर बसले. "माह्या लहान बहिणीच्या फोटोत ह्याच रेघा होत्या. मी नवा होतो. मले वाटलं, ती हालली. तिच्यावर ओरडलो. तीनदा काढला, तिन्हीत तेच. खराब झाले म्हणून फेकून देले, डॉक्टरले दाखवलेच नाई. ती रोवण्याले गेली. धानाच्या बांधीतच दम कोंडला तिचा, घरी आलीच नाई."

 दुसऱ्या दिवशी बाबा मला घेऊन नागपूरच्या बसमध्ये बसले. तिथं पायाच्या शिरेतून फुगा नेऊन माझी झडप उघडली.

पुढे मी चंद्रपूरला कॉलेजात गेले. आमच्या घरातली पहिलीच. भाऊंना भेटायचं होतं, पण नुसतं जाऊन काय बोलायचं, या संकोचात दोन सुट्ट्या गेल्या. दिवाळीत शेवटी वडशाला त्यांच्या घरी गेले. दारात त्यांची बायको धान पाखडत होती.

"ते गेले ना, बाई. श्रावणात."

 मी कोण ते सांगितलं. मग मी म्हणाले, "माझा वर्ग तिसऱ्या मजल्यावर आहे. न थांबता चढते मी."

त्यांनी सूप बाजूला ठेवलं. मला पायरीवर जवळ बसवलं.

"अजून सांग," त्या म्हणाल्या.