रात्रीची एक गोळी

"डॉक्टर, आई तीन दिस झोपली न्हाई. हात लटलटा कापत्यात. अंगावर मुंग्या चालल्यात म्हणून सारखी साडी झटकत बसलीया."

फोनवर कळंब्याचा अजित होता, शिरोली एमआयडीसीत सुपरवायझर. त्याची आई, म्हणजे अक्का, आठ वर्षं माझी पेशंट. नवरा गेल्यावर त्यांना भीतीचे झटके यायला लागले, म्हणून चिंतेवरची गोळी सकाळ-रात्र सुरू केली होती. सुरू मीच केली, आणि वेळेवर बंद करायची राहिली तीही माझ्याच हातून.

ही गोळी एकदम तोडायची नसते. मेंदूला तिची सवय लागते. अचानक काढली की झोप उडते, हात कापतात, अंगावर मुंग्या येतात. जास्त झालं तर फिट येते. म्हणून डोस हळूहळू उतरवायचा. याला आम्ही टेपर म्हणतो. पाच महिन्यांत अक्कांची सकाळची गोळी सुटली होती, रात्रीची एक उरली होती. "डोस्कं हलकं झालं बघा," म्हणायच्या.

मी अजितला विचारलं, "गोळ्या चालू आहेत ना?"

"व्हय की. दर रविवारी डबी मीच भरतो."

"मग जुना आजार उसळलाय. रात्री एकाऐवजी दीड द्या."

बाहेर ओपीडी तुंबली होती. मी फोन ठेवला. अक्कांना फोनवर बोलवायचं मला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का स्वयंपाकघरात फिट येऊन पडल्या. मनगट मोडलं, जीभ चावली गेली. हॉस्पिटलात शिरेतून औषध दिल्यावर फिट थांबली. मी पोचलो तर अजित माझ्यावर खेकसला, "डोस वाढवून असं कसं झालं ओ?"

मी डबी मागवली. रविवारपासूनचे रात्रीचे सगळे कप्पे भरलेले होते; कालच्या कप्प्यात अजितनं टाकलेली जादाची अर्धी गोळीही तशीच होती.

दुपारी अक्का बोलायला लागल्या. "अक्का, रात्रीची गोळी का नाही घेतली?"

"चातुर्मास लागला न्हवं. यंदा पयल्यांदाच म्हाराजांसमोर नियम घेतला. दिवस बुडल्यावर पाणीबी न्हाई. मन जरा ताळ्यावर आलंय म्हणून धीर केला. आन् तुम्हीच कमी करायलासा, मग न घेतलेली बरीच की!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी स्वतः जैन. माझी आई जन्मभर हाच नियम पाळत होती. तरी कागदावर मी 'रात्री झोपताना' लिहून मोकळा. 'दिवस मावळायच्या आत' लिहिलं असतं तर भागलं असतं.

गोळी पुन्हा दोन्ही वेळा सुरू करावी लागली. प्लास्टर निघाल्यावर मी म्हटलं, "अक्का, परत हळूहळू कमी करूया."

"नगं. मरूस्तोवर खाईन, पर त्या वाटंला न्हाई जायची."

वर्ष झालं. अक्का अजून गोळ्या घेतात. त्यामुळे बोलता बोलता शब्द विसरतात, चालताना तोल जातो. मी विषय काढला की तोंड फिरवतात.

'गोळ्या चालू आहेत ना' असं मी आता कुणाला विचारत नाही. त्याला सगळेच व्हय म्हणतात. काल शेवटची गोळी किती वाजता घेतली, हे विचारतो, आणि पेशंटलाच विचारतो. अक्कांना हे विचारायला एक मिनिट लागलं असतं.