उस्मानभाईंची सही

उस्मानभाई परकार यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते कणीक मळत होते. बावीस वर्षं झाली त्याला. वसईहून मी नुकतीच बहरीनला आले होते आणि हमद टाउनमधल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये ऑफिसच्या नोकरीसाठी मुलाखतीला गेले होते. तिथे पिस्तुलं बनतात एवढंच कळलं होतं, आणि त्या धास्तीने आदल्या दिवशी चर्चमध्ये मेणबत्तीही लावून आले होते. आत जाऊन बघते तर एक गृहस्थ परातीत कणकेचा गोळा तिंबतायत! माझा चेहरा पाहून ते हसले. म्हणाले, "घाबरू नको गो बाय. चपात्या नाय करत, हाताचा ठसा घेतंय. आणि आमच्या पिस्तुलाने माणूस मरत नाय, कागद फाटतो."

आमची पिस्तुलं नेमबाजीच्या स्पर्धेची, हवेच्या दाबावर चालणारी. महिन्याला चार-पाच तयार होतात, जास्त नाहीत. ज्याला पिस्तूल हवं त्याने येऊन कणकेचा गोळा मुठीत आवळायचा आणि त्या ठशावरून उस्मानभाईंनी अक्रोडाच्या लाकडाची मूठ कोरायची, ही पद्धत त्यांचीच. रत्नागिरीला वडिलांच्या हाताखाली ते होड्यांचं सुतारकाम शिकले होते. पिस्तूल त्यांनी इथे येऊनच पहिल्यांदा हातात धरलं, हे ते स्वतःच सगळ्यांना सांगतात.

सखीरच्या विद्यापीठातली एक मुलगी आमच्याकडे आली होती. अपघातात तिच्या उजव्या हाताचं एक बोट अर्धं गेलं होतं. दुकानांतून तिला सांगितलं होतं की डाव्या हाताने शीक. उस्मानभाईंनी तिच्यासाठी पाच वेळा मूठ कोरली आणि चार वेळा स्वतःच मोडीत काढली. मी कटकट केली तेव्हा म्हणाले, "पोरीने आपला हात बदलायचा की मी माझं लाकूड बदलायचं?" पाचवी मूठ घेऊन ती गेली तेव्हा दारातून दोनदा परत येऊन त्यांचे आभार मानून गेली.

माझ्या आईच्या आजारपणात मी अचानक महिनाभर वसईला गेले, तेव्हा माझ्या टेबलाचं काम त्यांनी अंगावर घेतलं. इंग्रजीचा आणि त्यांचा छत्तीसचा आकडा. आलेले सगळे फोन त्यांनी मराठीत लिहून ठेवले होते. "एक गोरा माणूस, फार घाईत, नाव पीटर असावं" असा एक निरोप मला अजून आठवतो. त्या पीटरला शोधता शोधता माझ्या नाकी नऊ आले. पण परत आल्यावर माझी नोकरी जागेवर होती, ती त्यांच्यामुळे.

आता जे सांगायचं ते उस्मानभाईंच्या साठीनिमित्तच्या या गौरवग्रंथात शोभेल की नाही, मला माहीत नाही. तरी सांगणार आहे.

प्रत्येक पिस्तूल तयार झालं की उस्मानभाई निशाणाच्या कार्डापासून दहा मीटरवर उभे राहून पाच छर्रे झाडायचे. पाचही भोकं एकमेकांना चिकटून पडली की त्या कार्डावर मराठीत सही करायचे आणि ते कार्ड पिस्तुलाबरोबर जायचं. गिऱ्हाइकांना ती सही वाचता येत नसे, पण डबा उघडल्यावर आधी तीच शोधत. गेल्या वर्षी एका क्लबची बारा पिस्तुलांची ऑर्डर आली. पहिल्याच पिस्तुलाची भोकं फाकली. उस्मानभाईंनी नळी तपासली, चाप तपासला. मग स्वतःचं जुनं, हातात बसलेलं पिस्तूल झाडून पाहिलं. तेच झालं. ते कार्ड माझ्या टेबलावर ठेवून म्हणाले, "बाय, पिस्तूल बेस आहे. हात गेला माझा."

आमच्या मालकांना आम्ही अरबाब म्हणतो. हे वर्कशॉप बंद करून माहूजला बाहेरच्या मालाचं शोरूम काढावं, असं त्यांच्या मुलाच्या कधीपासून मनात होतं. तो म्हणाला, "उस्मान भाई, मशीन में लगाकर टेस्ट करो, साइन करो, खलास!"

उस्मानभाई म्हणाले, "मशीन से टेस्ट करो, बराबर है. मगर मेरे साइन का मतलब, मैंने चलाके देखा."

मी त्या दिवशी त्यांच्यावर ओरडले. बावीस वर्षांत पहिल्यांदाच. "उस्मानभाई, तुमच्या एका सहीवर इथे काम करणाऱ्या आम्हा चौघांचे व्हिसा आहेत. कोण बघायला येणार आहे?" ते खुर्ची ओढून बसले आणि माझ्याकडूनच क्लबला पत्र लिहवून घेतलं: हात कापतो, पिस्तुलं मशीनवर तपासली आहेत, सही नाही, नको असतील तर तसं कळवा. ते पत्र मी रडत टाइप केलं, आणि रागानेच. क्लबने सात घेतली, पाच नाकारली. अरबाब म्हणाले, वर्षअखेर बघू, सही करणारा हात मिळाला तर ठेवू, नाही तर बंद.

दुसऱ्या दिवशी दुपारी उस्मानभाईंनी पिस्तूल माझ्या हातात दिलं. "ओरडताना तुझा हात हलत नव्हता. मी बघितलंय," म्हणाले. वयाच्या पन्नाशीत मी नेमबाजी शिकले, ती अशी. आठ महिने त्यांनी माझी कार्डं माझ्यादेखत फाडली. पिस्तुलात खोट असली तर ती हाताला कशी कळते, हेही त्यातच शिकवलं. गेल्या आठवड्यात एक कार्ड त्यांनी उजेडात धरलं, बराच वेळ पाहिलं आणि फाडलं नाही. "कर सही," म्हणाले. मी म्हटलं, खाली तुमचंही नाव घालते. तर म्हणाले, "मी झाडलंय काय?"

कार्ड बघून अरबाबांनी वर्कशॉपचं लायसन्स आणखी एक वर्ष चालू ठेवायचं कबूल केलं. पुढचं इंशाल्ला. आणि त्याच बैठकीत उस्मानभाईंनी सांगितलं की आपला व्हिसा आता रिन्यू करू नका. व्हिसाची एक जागा सुटली तर नवा सुतार आणता येईल, हा हिशेब त्यांनी आम्हाला न विचारता, मनातल्या मनात केला होता.

म्हणून साठीच्या या समारंभात मला टाळ्या वाजवणं जड जाणार आहे. उस्मानभाईंना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. गावच्या घरी त्यांनी चहाचा कप खुशाल दोन्ही हातांनी धरावा. मी प्रत्येक कार्डाचा फोटो त्यांना पाठवणार आहे. फाडता येणार नाही, पण फोन करून ओरडता येईल. फोनवर ते "कर सही" म्हणेपर्यंत माझं पेन उघडणार नाही.