मागच्या ड्रममधलं तेल

"सुहासदादा, बाबा आज शहाळ्याच्या गाडीत घुसले."

मेधा परब माझ्या गॅरेजच्या दारात उभी राहून हे इतक्या शांतपणे म्हणाली, की मला वाटलं शहाळी आणायलाच गेले असतील. तिच्या मागे परबकाका. वय शहात्तर, अंगावर एक ओरखडा नाही, आणि हातात खरोखरच एक शहाळं.

"घुसलंय नाय. टेकलंय," काका म्हणाले. "त्याने ह्या शहाळा पण दिल्यान."

"तुम्ही त्याचे पाय धरलेत म्हणून दिलं, बाबा."

काकांची मोटरसायकल ब्रिटिश बनावटीची, साडेतीनशे सीसी, वयाने साठीच्या पुढची. काका परळच्या गिरणीत फिटर असताना त्यांनी ती एका साहेबाकडून सेकंडहँड घेतली. आठवड्याचे सहा दिवस ती लालबागच्या चाळीच्या पटांगणात उभी असते. रविवारी सकाळी काका तिच्यावरून दादरला मेधाकडे जाऊन येतात. त्या रविवारी येताना त्यांनी मागचा ब्रेक दाबला आणि गाडीने तो मनावरच घेतला नाही.

आता इथे माझी अडचण अशी, की हाच ब्रेक मी आधी दोनदा दुरुस्त केला होता.

ड्रम ब्रेक म्हणजे चाकाच्या मधोमध एक लोखंडी डबा. त्यात दोन अर्धगोल शू, आणि शूवर चिकटवलेलं खरखरीत लायनर. पॅडल दाबलं की शू फाकतात, लायनर डब्याला आतून घासतं आणि चाक थांबतं. घासणं हे त्याचं एकमेव काम. तिथे तेल पोचलं की तो ब्रेक राहत नाही, नुसता पाय ठेवायचा दांडा उरतो.

पहिल्या वेळी मी ड्रम उघडला तर आत तेलाचा चिखल. चाकाच्या बेअरिंगपाशी एक रबरी ऑइल सील असतं. आतलं ग्रीस बाहेर येऊ नये म्हणून. ते कडक झालेलं होतं. मी ते पकडीत धरून उंच केलं आणि गल्लीला दाखवलं. "हा बघा गुन्हेगार!" समोरच्या टेलरने टाळ्यासुद्धा वाजवल्या. नवं सील, नवं लायनर, काम फत्ते. तीन आठवड्यांत गाडी परत. दुसऱ्या वेळी मी गिअरबॉक्सच्या, चेन फिरवणाऱ्या पुढच्या चक्राचं सील पकडलं. पुन्हा उंच केलं, पुन्हा भाषण. टेलरने या वेळी फक्त मान हलवली. आता तिसरी खेप होती आणि तो शिलाई मशीन थांबवून माझ्याकडे बघत होता.

"मी तीन रविवार देते," मेधा म्हणाली. ती बँकेत आहे, मुदत देणं तिला जमतं. "गिरगावात एक हॉटेल उघडतंय. त्यांना भिंतीवर टांगायला जुनी मोटरसायकल हवीय. ब्रेक लागला नाही तर मी त्यांना हो म्हणणार. मला बाबा हवेत, गाडी नकोय."

"मग माका पण टांगा बाजूक," काका म्हणाले आणि शहाळ्याचं पाणी प्यायले. पण त्यांना ठाऊक होतं, लेक नुसती धमकी देत नाही.

मी तिसऱ्यांदा लायनर बदललं आणि गाडी गॅरेजातच ठेवून घेतली. आठवडाभर रोज सकाळी चालवली. भोईवाड्यापर्यंत नेली, दादरला नेली, वडाळ्याला नेऊन आणली. ड्रम कोरडा ठणठणीत. आता ही पंचाईतच. माझ्याकडे गळत नाही आणि काकांकडे गेली की गळते. माहेरी हसते आणि सासरी रडते, असा प्रकार. मग मी ठरवलं, हिला सासरीच जाऊन बघायचं.

सोमवारी मी गाडी रॉकेलने धुऊन, पुसून, चाळीच्या पटांगणात नेऊन उभी केली. मग खिशातून अंगाला लावायच्या पावडरचा डबा काढला आणि मागचं चाक, चेन, इंजिनची खालची बाजू, सगळीकडे पावडर फासली. ही जुनी युक्ती आहे. स्वच्छ धातूवर तेलाचा ओघळ दिसत नाही, पावडरीवर लगेच काळी रेघ उठते. रेघेचा माग काढत गेलं की उगम सापडतो.

पहिल्या मजल्यावरून एक बाई ओरडल्या, "काय हो, वऱ्हाड कधी निघतंय?"

"शनिवारी सकाळचा मुहूर्त आहे, मावशी!" मी म्हटलं. मग काकांना बजावलं, "मी शनिवारी येईपर्यंत गाडी सुरू करायची नाही. हात लावायचा नाही."

शनिवारी आठ वाजता मी पोचलो. गाडी पांढरीशुभ्र. पाच दिवसांत कुठे एक रेघ नाही. म्हणजे नुसतं उभं राहून ती गळत नव्हती. काका मारुतीच्या देवळात गेले होते. मेधा दादरहून आली होती, तिने चहा दिला. तेवढ्यात काका आले. कपाळाला शेंदूर, हातात स्टीलची रिकामी वाटी. त्यांनी मला हात केला, जिन्याखालच्या कपाटातून इंजिन ऑइलचा कॅन काढला, त्याच वाटीत ओतला, गाडीच्या तेलाच्या टाकीचं झाकण उघडलं, आत डोकावले आणि वाटी अलगद रिकामी केली. मग टाकीला हात लावून नमस्कार.

मी चहाचा कप हळूच खाली ठेवला.

"काका, हे काय?"

"तेल."

"ते दिसलं. कशाला?"

"खाली गेला ना. बघ तू. दर शनवारी खाली जाता. आधी मारुतीक घालायचा, मग हिका. हिका काय उपाशी ठेवू?"

"दर शनिवारी?"

"गिरणीत शिकलंय मी. बंद मशीनला आधी तेल, मगे बटण. साहेब असो नायतर साहेबाचो बाप."

मी गाडीला किक मारली. दुसऱ्या किकेला सुरू झाली. मधल्या स्टँडवर होती, मी गिअर टाकला आणि मागचं चाक फिरू दिलं. अर्ध्या मिनिटात इंजिनमागच्या एका बारीक नळीतून तेलाची पिचकारी उडाली, थेट चेनवर. चेनने ते चाकाकडे नेलं. पावडरीवर काळी रेघ उठली, मग दुसरी, मग ड्रमच्या कडेला सगळी नक्षीच. मी गाडी बंद केली.

आता नीट सांगतो. आपल्या आजच्या गाड्यांचं तेल इंजिनच्या पोटातच असतं. या जुन्या गाडीचं तेल वेगळ्या टाकीत असतं. एक पंप ते इंजिनला पाजतो आणि परत टाकीत आणून सोडतो. गाडी पाच-सहा दिवस उभी राहिली की टाकीतलं तेल पंपातून झिरपून इंजिनच्या तळाशी उतरतं. तेल कुठेही गेलेलं नसतं, फक्त खालच्या मजल्यावर जाऊन बसलेलं असतं. टाकीत बघणाऱ्याला वाटतं, कमी झालं. तो वरून भरतो. गाडी सुरू झाली की खालचं तेल वर येतं, जागा नसते, मग ते ब्रीदर पाइपमधून, म्हणजे इंजिनने श्वास सोडायच्या नळीतून, बाहेर पडतं. जुन्या कारागिरांनी ही नळी मुद्दाम चेनवर सोडली होती, चेनला थोडं तेल मिळावं म्हणून. थोडं. वाटीभर नाही. माझ्या गॅरेजात ती रोज चालत होती, त्यामुळे तेल खाली उतरायला सवडच मिळत नव्हती, आणि वरून घालणारंही कोणी नव्हतं.

म्हणजे माझे दोन्ही गुन्हेगार निर्दोष होते आणि मी त्यांना भर गल्लीत फाशी दिली होती.

"हे कधीपासून चाललंय, काका?"

काका वाटी पुसायला लागले. मेधाच बोलली. "देवळात तेल घालायला आई जायची. दर शनिवारी. ती गेल्यापासून बाबा जातात." ती वाटीकडे बघत होती. "वाटी तिचीच आहे."

"हातात वाटी असता," काका म्हणाले. "घरात येऊन मग करायचा काय तिचा?"

 मला जे येत होतं ते मी केलं. तेल सगळं काढलं. टाकीत मावतं त्याच्या जवळजवळ दीडपट निघालं. पंपामागे एक छोटी गोळी असते, गाडी बंद असताना तेलाची वाट अडवणारी. तिची बैठक साफ केली, तरी या वयात थोडं झिरपणारच. ड्रम धुतला, लायनर चौथ्यांदा बदललं. आणि काकांना एकच नियम दिला: आधी गाडी सुरू करायची, दहा मिनिटं चालू द्यायची, मगच टाकीत बघायचं. मग गाडी मुद्दाम आठवडाभर चाळीच्या पटांगणात उभी ठेवली.

पुढच्या शनिवारी सकाळी त्यांचा फोन.

"सुहास, तेल खाली दिसता रे."

"दिसू दे."

"बरा नाय वाटत."

"वाटू दे. गाडी सुरू करा. मी फोनवर आहे."

दहा मिनिटं मी फोनवर फटफट ऐकली. मग झाकण उघडल्याचा आवाज. 

"तेल वर इला," काका म्हणाले. अगदी हळू.

तिसऱ्या रविवारी आम्ही वडाळ्याच्या मिठागरांकडच्या मोकळ्या रस्त्यावर गेलो. मी खडूने आडवी रेघ मारली. अलीकडचा एक खांब खुणेचा; तिथून काकांनी फक्त मागचा ब्रेक वापरून रेघेच्या आत थांबायचं. मेधा म्हणाली, "मी मागे बसणार."

"कशाला?" मी विचारलं.

"परीक्षा मी घेतेय ना?"

काका लांबून वळून आले. चाळीसचा वेग, मागे लेक, तिचा एक हात वडिलांच्या खांद्यावर घट्ट. खुणेच्या खांबापाशी काकांनी पॅडल दाबलं. मागचं चाक किंचित कुरकुरलं आणि गाडी रेघेच्या हातभर अलीकडे उभी राहिली. मी गुडघ्यावर बसून ड्रमच्या कडेवरून बोट फिरवलं आणि मेधाला दाखवलं. कोरडं.

तिने फोन काढला आणि हॉटेलवाल्याला तिथेच सांगितलं, "नाही, गाडी वापरात आहे."

काका अजूनही शनिवारी देवळातून वाटी घेऊन येतात. इंजिन तापेपर्यंत तीच वाटी धुऊन तिच्यात चहा पितात. बशीपेक्षा बरी, म्हणतात.

गॅरेजात आता मी जुनी गाडी आली की पान्याला हात लावण्याआधी विचारतो, "तेल कोण घालतं? कधी?" गिऱ्हाइकं चिडतात. परवा एकाने विचारलं, याचा ब्रेकशी काय संबंध? मी त्याला शांतपणे समोरच्या टेलरकडे पाठवलं. तो ही गोष्ट माझ्यापेक्षा रंगवून सांगतो, आणि माझी दोन्ही भाषणं साभिनय करून दाखवतो.